कोयनेचे पाणी, पाण्याखालची गावे

सहल म्हटली की आपल्या घरांतून पहिली नावे निघतात ती दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाडचे चवदार तळे आणि कार्ले-अजिंठ्याच्या लेण्यांची. ते योग्यच आहे. पण ज्या देशात आपण राहतो, त्या देशाने स्वातंत्र्यानंतर काय उभारले, कोणाच्या घामावर उभारले आणि त्यासाठी कोणाला काय द्यावे लागले, हेही आपल्या मुलाबाळांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. घरातला दिवा लागतो, नळाला पाणी येते, कारखान्याचा भोंगा वाजतो, या सगळ्यामागे कुठेतरी एक डोंगर, एक नदी आणि एक भिंत असते. ती भिंत आपण पाहिलेली नसते.

म्हणून आमच्या वस्तीतील महिला मंडळाने आणि तरुण मंडळाने यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत कोयनेला जायचे ठरविले. कोणी म्हणाले महाबळेश्वर, कोणी म्हणाले गोवा. शेवटी कोयनेवर एकमत झाले, त्याचे कारण आमच्यातील एक आजी. "माझं माहेर त्या पाण्याखाली हाय. एकदा जाऊन बघीन म्हणते," एवढेच त्या बैठकीत बोलल्या आणि पुढची चर्चा थांबली.

एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. वर्गणी घराच्या ऐपतीप्रमाणे ठेवली. हिशेबाचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटासाठी कारकुनी करणारे. जमा किती आणि नावे किती हे पाहिल्याशिवाय आम्हाला कोणत्याच गोष्टीचे कौतुक पुरते करता येत नाही. कोयनेचेही तसेच झाले.

भिंत आणि दरवाजे

पुण्याहून पहाटे निघालो. कऱ्हाडला चहा घेतला आणि पाटणच्या रस्त्याला लागलो. कऱ्हाड ते कोयनानगर साधारण साठ किलोमीटरचा रस्ता आहे. सुरुवातीला दोन्ही बाजूंना ऊस, मग भातखाचरे. भाताची कापणी चालू होती, बायका वाकून पेंढ्या बांधीत होत्या. पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या फिरताना दिसल्या तेव्हा मुलांनी खिडक्या सोडल्याच नाहीत. जसजसे पुढे जावे तसतसे डोंगर जवळ येतात, हवा ओली होते आणि रस्ता नदीचा हात धरून चालू लागतो.

ही कोयना नदी मोठी वेगळी आहे. महाबळेश्वराला उगम पावते, पण सह्याद्रीतल्या इतर नद्यांप्रमाणे लगेच पूर्वेला वळत नाही. डोंगराच्या रांगेला समांतर अशी साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला येते. हेळवाकजवळ आल्यावर काटकोनात वळून पूर्वेला जाते आणि कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. जिथे ती वळते त्याच्या थोडे वर, देशमुखवाडीजवळ, माणसाने तिला अडविले आहे.

धरणाच्या भिंतीवर सर्वसामान्य माणसाला सोडत नाहीत. सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही. पण समोरच्या टेकडीवर नेहरू उद्यान आहे, तिथून संपूर्ण धरण नजरेत मावते. आम्ही तिथेच सतरंज्या टाकल्या. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी असा डबा सोडला आणि जेवता जेवता ते धरण पाहत बसलो.

भिंत आठशे सात मीटर लांब आणि सुमारे एकशे तीन मीटर उंच आहे. मुलांना मीटर सांगून कळत नाही, म्हणून आम्ही सांगितले की तीस-बत्तीस मजल्यांची इमारत उभी करा आणि तशा इमारतींची रांग पाऊण किलोमीटरहून लांब लावा. ही भिंत मोठमोठे दगड काँक्रीटमध्ये बसवून बांधलेली आहे. मध्यभागी सहा वक्राकार दरवाजे आहेत. पावसाळ्यात 'कोयनेचे दरवाजे इतक्या फुटांनी उचलले' अशी बातमी आपण ऐकतो, ते हेच. दरवाजे उचलले की इकडे कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत नदीकाठच्या माणसांची झोप उडते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरातील नदीकाठच्या वस्त्यांनी काय सोसले ते आपल्या अनेक वाचकांनी अनुभवले आहे.

धरणाचे बांधकाम १९५० च्या दशकात सुरू झाले आणि १९६४ साली पूर्ण झाले. मागच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. तो डोंगरांच्या मधून जवळजवळ पन्नास किलोमीटर आत, थेट तापोळ्यापर्यंत पसरला आहे. त्यात १०५.२५ टीएमसी पाणी मावते. टीएमसी हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना ठाऊक असतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी. आम्ही तिथेच कागदावर गुणाकार केला. महाराष्ट्राची लोकसंख्या बारा कोटी धरली आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी दिले, तर भरलेली कोयना एकटी सगळ्या राज्याला सव्वा वर्ष पुरेल. ते ऐकून एक ताई चटकन म्हणाल्या, "मग आमच्या गल्लीला एक दिवसाआड का येतं?" या प्रश्नाला त्या उद्यानात कोणापाशी उत्तर नव्हते.

पाणी पश्चिमेला का वळविले?

कोयना हे प्रामुख्याने विजेचे धरण आहे. त्यामागची युक्ती मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. कोयनेचे पाणी मूळचे पूर्ववाहिनी, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे. पण धरणापासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर सह्याद्रीचा कडा तुटतो आणि खाली कोकण सुरू होते. कड्याच्या वर आणि खाली सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीचा फरक आहे. पाणी इतक्या उंचीवरून पडले तर किती जोराने पडेल! इंजिनियर मंडळींनी डोंगराच्या पोटातून बोगदे काढले. जलाशयाचे पाणी नवजाजवळ बोगद्यात शिरते, डोंगर आरपार करते, उभ्या भुयारांतून खाली कोसळते आणि पोफळी येथे डोंगराच्या आत असलेल्या वीजघरातील चक्रे फिरविते. तिथून सुटलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोरे येथे पुन्हा एकदा वीज काढतात. शेवटी ते वाशिष्ठी नदीतून चिपळूणकडे आणि पुढे अरबी समुद्राला जाते. म्हणजे एकाच पाण्यावर दोनदा वीज निघते.

पहिली वीज १९६२ साली निघाली. पुढे एकामागून एक टप्पे झाले. चौथा टप्पा एकटाच एक हजार मेगावॉटचा आहे. सगळे टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचे छोटे वीजघर मिळून क्षमता १,९६० मेगावॉट होते. चौथ्या टप्प्याच्या वेळी एक अचाट काम झाले. भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा काढीत नेला, शेवटी खडकाचे फक्त एक बूच ठेवले आणि १३ मार्च १९९९ रोजी पाण्याखालीच स्फोट करून ते उडविले. जलाशय रिकामा न करता पाण्याला वाट मिळाली. याला लेक टॅपिंग म्हणतात. २५ एप्रिल २०१२ रोजी तसाच प्रयोग पुन्हा यशस्वी झाला. आपल्या पोरांपैकी कोणी स्थापत्य अभियांत्रिकीला जाणार असेल तर त्याने हे जरूर वाचावे.

जलविद्युतेचा मोठा गुण हा की ती मागितली की लगेच मिळते. कोळशाचे वीजघर तापायला वेळ घेते. इथे पाण्याची वाट उघडली की चक्र फिरू लागते. संध्याकाळी सात वाजता एकदम लाखो घरांत दिवे लागतात, तेव्हा वाढलेली मागणी कोयना उचलते. म्हणून तिला महाराष्ट्राची जीवनवाहिनी म्हणतात ते उगाच नव्हे.

पण पश्चिमेला पाणी सोडले की ते समुद्रात जाते आणि पूर्वेला सोडले की शेताला मिळते. सांगलीच्या दुष्काळी भागात पाणी उचलून नेणाऱ्या टेंभू, ताकारी यांसारख्या योजना कोयनेतून सोडलेल्या पाण्याकडे डोळे लावून असतात. वीज की शेती, हा झगडा जुना आहे. कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडविणाऱ्या बच्छावत लवादाने विजेसाठी पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी एवढेच पाणी वळवावे अशी मर्यादा घातलेली आहे.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट

नेहरू उद्यानात बसले की हे सगळे फार शांत आणि सुंदर वाटते. पण याच कोयनानगराने एक काळी पहाट पाहिली आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी, पहाटे चारच्या सुमारास, लोक साखरझोपेत असताना भूकंप झाला. सुमारे एकशे ऐंशी माणसे मेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. धरणाच्या भिंतीला वरच्या भागात भेगा गेल्या, पण भिंत टिकली. पुढे तिला मागून जाड आधार देऊन मजबूत केले.

जलाशय भरू लागल्यानंतर या भागात लहान धक्के बसू लागले होते. धरणातले पाणी जमिनीच्या भेगांत मुरते, त्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो, अशी शास्त्रज्ञांची मांडणी आहे. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून जगभर कोयनेचेच नाव घेतात. आजही तिथे लहान-मोठे धक्के बसतात. त्यांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कऱ्हाडजवळ आहे आणि जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडकाची तपासणी झाली आहे. देवीचा कोप म्हणून नारळ फोडण्यापेक्षा छिद्र पाडून खडक तपासणे केव्हाही चांगले, असे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा सगळे हसले. पण हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. मेलेली माणसे बहुतेक करून कच्च्या दगड-मातीच्या घरांत झोपलेली होती. भूकंप सगळ्यांना सारखा हलवतो, घर मात्र गरिबाचे आधी पडते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीतही याच पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे या डोंगरकुशीतल्या वस्त्यांवर दरडी आल्या आणि माणसे गाडली गेली.

संध्याकाळी परत पाटण-उंब्रजमार्गे साताऱ्याला आलो. एका विहाराच्या सभागृहात मुक्काम केला. ज्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भिवाचे नाव पटावर चढले, ती शाळा मुलांना बाहेरून दाखविली. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच.

बामणोलीची नाव

दुसऱ्या दिवशी कासच्या पठारावरून बामणोलीला उतरलो. कासची फुले सप्टेंबरातली, आम्ही गेलो तेव्हा बहर ओसरला होता. पण घाट उतरताना पहिल्या वळणावर शिवसागर दिसला आणि गाडीतली गाणी आपोआप थांबली. दोन्ही बाजूंना दाट हिरवे डोंगर आणि मधल्या प्रत्येक घळीत शिरलेले निळे पाणी. वारा नव्हता. डोंगर जितका वर तितकाच पाण्यात खाली दिसत होता. पलीकडे वासोट्याचा किल्ला. वर तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचे पाणी एक होते. त्या भागाला लोक हौसेने मिनी काश्मीर म्हणतात.

बामणोलीला बोटी मिळतात. आम्ही दोन बोटी केल्या. बसणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट घालायला लावले. नावाडी तरणाबांड, तिथल्याच गावचा. आजी पुढच्या फळीवर बसल्या. त्यांचे वय पंचाहत्तरच्या घरात. गाव सोडले तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग एका टेकाडाकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यो डोंगूर वळखीचा हाय. ह्याच्या पायाला गाव हुतं. वरच्या अंगाला पाटलाचा वाडा, मधी देऊळ, आन् वढ्याच्या पल्याड आमचा म्हारवाडा. आमचा पाणवठा निराळा हुता, खालच्या अंगाला."

नावाड्याने इंजिन बंद केले. तो म्हणाला, "आजी, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं जोतं, घरांच्या भिंती दिसत्यात कुठंकुठं. आता समदं पाण्यात हाय."

आजी पाण्याकडे बघत म्हणाल्या, "आता समद्यांचा पाणवठा एकच झाला म्हनायचा."

यावर कोणी हसले नाही. महाडच्या तळ्यावर १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. त्याच सह्याद्रीच्या पाठीवर पुढे तीस-पस्तीस वर्षांनी पाणवठे, वाडा, देऊळ, म्हारवाडा सगळेच एका पाण्याखाली गेले. पण कागदावर मात्र ते एक झाले नव्हते. आजींनी पुढे जे सांगितले, ते ऐकून आमच्यातला कारकून जागा झाला.

त्या सांगत होत्या, "जिमिनीचं पैशे आलं ते ज्याच्या नावावर हुती त्याला. आमच्या बापाकडं वतनाच्या जिमिनीचा तुकडा, त्यात बारा वाटेकरी. उताऱ्यावर बापाचं नावच न्हाई. साहेब म्हनला, कागुद दाखव. कागुद कुठला? कातकाम केलं, येसकरकी केली, त्येचा कागुद आस्तोय व्हय?" आणि मग हळू आवाजात त्यांनी सांगितले, "बाप ह्याच धरणावर दगड वाहायला हुता. आईबी टोपल्या वाहायची. आमचं घर बुडवायची भित आमच्याच बापानं बांधली. काम सरलं तसं मुंबईला गेला, गिरणीत."

जमिनीच्या कागदांचा हा घोळ का झाला, ते तरुण वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगतो. महार वतनाची जमीन ही वाटेकऱ्यांची सामाईक असे आणि गावकीची वेठ करण्याच्या बदल्यात ती कसायला मिळे. हे गुलामीचे वतन रद्द व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि सरकारजमा झालेली जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून वतनदाराने पुन्हा आपल्या नावे करून घ्यायची, असे ठरले. वतन गेले हे चांगलेच झाले. पण कोयनेच्या खोऱ्यात नेमकी तीच वर्षे गाव उठण्याची होती. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तालुक्याला जायला ज्यांच्याजवळ पैसे नव्हते, त्यांनी रक्कम कधी भरायची आणि नाव कधी लावायचे? नाव लागण्याआधीच जमीन पाण्याखाली जात होती. नुकसानभरपाई उतारा बघून मिळते. उताऱ्यावर ज्याचे नाव नाही त्याचे सरकारदरबारी काही बुडालेच नाही!

कोयनेत बुडालेल्या गावांतील कुळवाड्यांचेही काही भले झाले असे नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. हजारो कुटुंबे उठली. कोणी सातारा-सांगली-सोलापुरात, तर कोणी रायगड, रत्नागिरी, ठाणे जिल्ह्यांत फेकली गेली. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला १९७६ साली, म्हणजे कोयनेची भिंत पुरी झाल्यावर बारा वर्षांनी. जे लोक दूर न जाता पाण्याच्या वर डोंगरात सरकले, त्यांच्याभोवती १९८५ साली कोयना अभयारण्य आले आणि पुढे २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. कित्येकांना दुसऱ्यांदा उठावे लागले. २०१८ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये कोयनेचे धरणग्रस्त श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. धरण झाल्याला अर्धशतक उलटले तरी जमिनीसाठी नातवंडांना बसावे लागले, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

बाबासाहेब आणि धरणे

इथे कोणी विचारील, मग धरणे बांधूच नयेत काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे. आपण धरणांचे वैरी नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. दामोदर नदीच्या पुराचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी फक्त पूर अडविण्याचा विचार केला नाही. पूरनियंत्रण, शेतीचे पाणी, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करून संपूर्ण खोऱ्याची योजना व्हावी, असा आग्रह धरला. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला त्यासाठी परिषद झाली. त्यातूनच पुढे १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. महानदीवरील हिराकूडच्या योजनेसाठी नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकला झालेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषविले. आजच्या केंद्रीय जल आयोगाची मूळ संस्थाही १९४५ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली.

कोयनेशी बाबासाहेबांचा थेट संबंध नव्हता. पण त्यांनी वीज आणि पाणी का मागितले, ते लक्षात ठेवले पाहिजे. स्वस्त आणि मुबलक वीज आली तर कारखाने येतील, कारखाने आले तर शेतीवरचा भार कमी होईल आणि दारिद्र्यातून माणूस बाहेर येईल, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे त्यांच्या लेखी वीज हे साधन होते आणि माणूस हे साध्य होते. ज्या मोजपट्टीने त्यांनी धरण मोजले, त्याच मोजपट्टीने आपणही मोजावे.

तसे मोजले तर कोयनेच्या खतावणीत जमेची बाजू मोठी आहे. १,९६० मेगावॉट क्षमतेचे वीजघर आहे, त्या विजेवर चाललेल्या गिरण्या आणि कारखाने आहेत, त्यांत राबून आपल्या बापजाद्यांनी मुले शिकविली. सांगलीच्या दुष्काळी शिवाराला मिळालेले पाणी आहे. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण नावे टाकलेली रक्कमही त्याच पानावर लिहिली पाहिजे. बुडालेली गावे, तुटलेली नाती, भूकंपाची धास्ती, दोनदा उठलेली माणसे आणि ज्यांचे नावच उताऱ्यावर नव्हते ती कुटुंबे. जमेची बाजू पाठ्यपुस्तकात आहे. नावे बाजू आजींसारख्यांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे आता थोडी उरली आहेत.

जाणाऱ्यांसाठी आणि राहिलेल्यांसाठी

ज्यांना कोयनेला जायचे आहे त्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात जावे. जलाशय भरलेला असतो आणि रस्ते कोरडे असतात. वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख आहे, तेव्हा भर पावसाळ्यात लहान मुले घेऊन जाण्याचे धाडस करू नये. कोयनानगर आणि बामणोली एकाच दिवसात करण्याच्या फंदात पडू नये. साताऱ्याला मुक्काम करावा. वासोटा चढायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते. जलाशयात पोहायला उतरू नये. हा तलाव नव्हे, बुडालेली दरी आहे. काठापासून दोन पावलांवर तळ सुटतो. प्लॅस्टिकचा कचरा परत आणावा. आमच्या महिला मंडळाने दोन पोती भरून परत आणला.

आणि ज्यांचे आईवडील, आजीआजोबा कोणत्याही धरणाखालून उठून आले असतील, मग ते कोयना असो, उजनी असो की जायकवाडी, त्यांना एक कळकळीची विनंती. घरातली जुनी ट्रंक उघडा. भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल, मोबदल्याची पावती, जुना सातबारा, वतनाच्या रकमेचे चलन असे काहीही सापडले तर जपून ठेवा. प्रकल्पग्रस्त कुटुंबाला शासकीय नोकरभरतीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी जिल्हा पुनर्वसन अधिकाऱ्याच्या कार्यालयातून प्रकल्पग्रस्ताचा दाखला घ्यावा लागतो. कागद नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुन्या नकलांसाठी अर्ज करा. अर्ज कसा लिहावा हे कळत नसेल तर आपल्या वस्तीत एखादा तरी कारकून असतोच, त्याला रविवारी गाठा. आमच्या आजींच्या घरचा अर्ज आम्ही परत आल्यावर आठ दिवसांत लिहून दिला आहे. त्यांच्या नातवाने तो स्वतः नेऊन दाखल केला आणि पोचपावतीवर शिक्का घेतला. निकाल काय लागेल तो लागो. जे गाव पाण्याखाली गेले ते वर येणार नाही. पण त्या गावात आपले कोणी राहत होते, एवढे तरी सरकारी कागदावर आले पाहिजे.